फिनिशिंग प्लीज

सातपूर, नाशिक
१९ जानेवारी २०२५

चि. मनीषा,

आशीर्वाद लिहायचा की नाही ते शेवटी ठरवीन. नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून ताई विरघळली असा अर्थ काढू नकोस. काम पडलंय म्हणून लिहिते आहे. अडला हरी, पुढचं तुला पाठ आहे. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला मुद्दा आठवत नाही, भांडण आठवतं.

साईचं लग्न ठरू घातलंय. म्हणजे स्थळ मी शोधलेलं नाही, तिचं तिनंच शोधलं. ती दिंडोरीच्या एका वायनरीत लॅबमध्ये काम करते. मुलगा तिथलाच, पाहुण्यांना वायनरी फिरवून दाखवतो. नाव ज्ञानेश. मखमलाबादचे, आपल्यातलेच. घरी गुलाब लावतात, आई नवसाबाई स्वतः गणेशवाडीत फुलं विकायला बसते. हे सगळं मी डोळ्यांनी पाहून आले, त्यात खोट नाही. खोट असलीच तर पुढे आहे. तो म्हणतो की मी इंग्लंडात मँचेस्टरला पाच वर्षं हॉटेलात कामाला होतो.

मी हो म्हटलं तर मेअखेर लग्न. साईनं मला स्वच्छ सांगितलंय की आई, तू नाही म्हणालीस तर मी पळून जाणार नाही, पण दुसऱ्या कुणाशी करणारही नाही. तेव्हा माझ्या एका शब्दावर पोरीचा सगळा जन्म आहे, आणि तो शब्द काढण्यापूर्वी मी दहा वेळा चाचपून बघणार. गेल्या वर्षी पिंपळगावकडून एक स्थळ आलं होतं, मुलगा म्हणे कॅनडात मॅनेजर. चहा संपायच्या आत मी यांना आत बोलावून सांगितलं, हा कॅनडात नाही, मुंबईत कुठल्याशा कॉल सेंटरात बसतो. निघालाही तसाच.

माझा कान तुला माहीत आहे. वीसेक वर्षं सातपूरच्या शिफ्टवाल्या पोरांना मी इंग्रजी बोलायला शिकवते. दहा वाक्यांत सांगते कोण कुठून आलंय. कॉलेज रोडच्या कॉन्व्हेंटची पोरगी एका वाक्यात तीनदा 'लाइक' म्हणते. कारखान्यातला पोरगा 'जॉब ओके झाला' म्हणतो, स्वतःचं लग्न ठरलं तरी तेच म्हणतो. मालेगावचा एक विद्यार्थी होता, तो थँक्यूला 'जी' लावायचा. मराठीत माणूस हवं तसं खोटं बोलतो, पण इंग्रजी जिथं शिकला तिथलं पाणी तिला लागतंच.

तर या ज्ञानेशला मी मिसळ खायला बोलावलं. पाव संपला तसा तो म्हणाला, "काकू, अजून एक कॉब मिळेल?" कॉब म्हणजे कणीस, एवढं मला कळतं. मिसळीबरोबर कणीस कोण मागतं? लगेच जीभ चावली, पाव पाव म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. पाव मागताना कुणी लाल होतं का?

दुसरी गोष्ट. एकदा साईला सोडायला गेले तेव्हा वायनरीच्या फाटकाशी त्याला लांबून ऐकलं. मालकाशी फोनवर एक इंग्रजी, अगदी इस्त्री केलेली. ट्रॅक्टरवाल्या लखनशी दुसरी, 'लोड घेऊ नको, टेन मिनिटमधी ये' असली. मग मला बघून तिसरीच. एका तोंडात तीन जिभा असलेला माणूस जावई करून घ्यायचा म्हणजे काय?

तू तिकडं आहेस. तुझं डर्बी आणि मँचेस्टर नकाशात बोटभर अंतरावर दिसतात. मला एवढंच सांग की मँचेस्टरला पावाला काय म्हणतात, आणि कॉब कुठं म्हणतात.

तुला विचारताना मला काय वाटतंय ते लिहीत नाही. बाबांच्या तेराव्यानंतर तू माझ्या क्लासात मागच्या बाकावर येऊन बसली होतीस. मी पोरांना उदाहरण देत होते, माय डॉटर विल पास आउट नेक्स्ट इयर. तू मागून म्हणालीस, "ताई, पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं." पोरं हसली. मग मी म्हटलं उद्याचा क्लास प्रीपोन केलाय, तर तू म्हणालीस की असा शब्दच इंग्रजीत नाही. पोरं आणखी हसली. त्यांतली निम्मी पुढच्या महिन्यात आली नाहीत. तू विमानात बसून गेलीस, मला इथंच राहायचं होतं. त्यानंतर आपण बोललो नाही, आणि त्यात माझी काही चूक आहे असं मला वाटत नाही.

उत्तर लवकर पाठव. आशीर्वाद सध्या राखून ठेवते.

प्रतिभा

सातपूर
११ फेब्रुवारी २०२५

मनीषा,

तुझं उत्तर पोचलं. पाच ओळी. मँचेस्टरला पावाला बार्म म्हणतात, माणसं फिरतात, शब्द चिकटतात, शब्दावरून माणूस तोलू नकोस ताई, साईला आशीर्वाद. बरं. पण मी दोन प्रश्न विचारले होते. कॉब कुठं म्हणतात, ते तू लिहिलंच नाहीस. लहानपणी आईनं विचारलं की लाडू कुणी खाल्ले, तर तू चिवड्याबद्दल सांगायचीस. मी ते विसरलेले नाही.

आणि शब्दावरून माणूस तोलू नकोस, हे तू मला सांगतेस?

म्हणून मी स्वतःच छडा लावायला गेले. साईची उन्हाची टोपी घातली, यांचा काळा गॉगल लावला आणि तिकीट काढून दिंडोरीला पाहुण्यांच्या घोळक्यात शिरले. सध्या द्राक्षांची तोडणी चालू आहे, क्रेट भरभरून ट्रॅक्टर येत होते, त्या गडबडीत मला कुणी ओळखणार नाही असा माझा हिशेब. त्यानं मला दारातच ओळखलं असणार. कारण सगळ्यांना स्वागताची वाइन दिली आणि माझ्या ग्लासात द्राक्षाचा रस ओतला.

घोळक्यात एक इंग्रज जोडपं होतं, वयस्कर. टाक्यांच्या मधून जायला अरुंद वाट आहे. त्या वाटेला तो म्हणाला जिटी. मी माझ्या आयुष्यात हा शब्द ऐकलेला नाही. मग त्या बाईचा पाय पायरीवर जरा अडखळला, तसा हात पुढे करून तिला म्हणतो, माइंड यॉर स्टेप, डक. बदक म्हणाला त्या म्हातारीला! मला वाटलं आता ही याच्या थोबाडीत देते. पण ती एवढी हसली, एवढी हसली, नवऱ्याला हाक मारून सांगितलं की इतक्या लांब येऊन मला कुणी डक म्हटलं. आणि याला विचारलं, कुठं राहत होतास रे? तेव्हा या गृहस्थानं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, मँचेस्टर. बाईनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे मला मागूनही दिसलं. चव घेण्याचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आतच मी निघून आले.

क्लासातल्या एका पोरानं मोबाइलवर शोधून दिलं. इंग्लंडात म्हणे दर वीस मैलांवर पावाचं नाव बदलतं. आपल्याकडे सटाण्याकडं गेलं की 'आहे'चं 'शे' होतं आणि पेठकडं वळलं की आणखी काही, तसंच हे, फक्त साहेबाच्या पावाबाबत. तर पावाला कॉब, बोळाला जिटी आणि भेटेल त्याला डक, हे सगळं एका तोंडानं म्हणणारी गावं मोजकीच आहेत. त्या नकाशावर डर्बी ठळक अक्षरात आहे.

डर्बी. तुझं गाव. तू त्याचं नाव पत्रातून गाळलंस आणि तोही गाळतो.

योगायोग असेल असं हे म्हणतात. यांना सगळं जग चांगलंच वाटतं, रिक्षावालासुद्धा. पण मी साईचा चेहरा बघते आहे. फोन आला की ती गच्चीवर जाते. काल मी जिन्यात उभी राहिले तर वर बोलणं थांबलं.

तू ज्ञानेशला ओळखतेस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. चिवड्याबद्दल नको.

प्रतिभा

सातपूर
२ मार्च २०२५

मनीषा,

अजून तुझं उत्तर नाही. त्याची आता गरजही उरली नाही.

काल ज्ञानेश जेवायला होता. मी विरोध केला नाही, कारण ज्याच्यावर संशय असतो त्याला जेवू घालावं, जेवताना माणूस सैल होतो. भरीत, बाजरीची भाकरी, आमटी-भात. आमच्या यांची सवय तुला ठाऊक आहे, शेवटचे चार घास भात ताटात ठेवून उठायचं. काल ते तसेच उठायला लागले. ज्ञानेश त्यांच्या ताटाकडे बघून हसला आणि अगदी सहज म्हणाला, "फिनिशिंग प्लीज, काका."

माझ्या हातातला डाव आमटीतच राहिला.

मनीषा, हे वाक्य इंग्लंडातलं नाही. मँचेस्टरचं नाही, तुझ्या डर्बीचंही नाही. हे आपल्या सातपूरच्या दोन खोल्यांतलं आहे. बाबा कारखान्यात लेथवर उभे राहायचे, जॉबवरून शेवटचा हलका हात फिरवायची वेळ आली की त्यांचे साहेब काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन म्हणायचे, फिनिशिंग प्लीज, कोंडाजी. अख्ख्या नोकरीत बाबांना कुणी प्लीज म्हटलेलं तेवढं एकच वाक्य. ते घरी घेऊन आले. आपल्या ताटात भात राहिला की फिनिशिंग प्लीज. आईची भाकरी करपली की रिजेक्शन. तू बारीक होतीस म्हणून अंडरसाइझ आणि मी ओव्हरसाइझ. सगळ्या जगात ही इंग्रजी बोलणारी चारच माणसं होती. त्यांतली दोन गेली. एक मी आहे, आणि मी हे वाक्य कुणाला शिकवलेलं नाही.

साईनं शिकवलं असेल, असं हे म्हणाले. साईनं ते वाक्य या घरात कधी ऐकलेलंच नाही. मी क्लास काढला तेव्हा बाबांना सांगितलं होतं की पोरीसमोर ही कारखान्याची इंग्रजी नको, तिची सवय बिघडेल. बाबांनी ते पाळलं. नंतर त्यांनी मलाही कधी म्हटलं नाही, मी ताटात टाकलं तरी.

म्हणजे हा पोरगा तुझ्या घरी, तुझ्या ताटाशेजारी जेवलेला आहे. एकदा नाही, सवय लागण्याइतका. आणि तुम्ही दोघं मिळून मला मँचेस्टर सांगताय.

कशासाठी, तेही माझ्या लक्षात आलंय. तू एकटी आहेस. तिकडं कुणी नाही. आता म्हातारपणाची सोय म्हणून माझी पोरगी हवी. आधी हा मुलगा पुढे करायचा, लग्न लावायचं, मग दोघांना विमानात बसवून न्यायचं. मी विमानतळावर हात हलवायचा आणि मग सात समुद्रांपलीकडून साई मला शिकवणार की आई, असा शब्दच इंग्रजीत नाही. एकीला असं घालवून बसले आहे, दुसरीला जाऊ देणार नाही.

मी सकाळी साईला नाही म्हणून सांगितलं. ती डबा न घेता कामावर गेली.

पत्र टाकते आहे. याचं उत्तर आलं तरी मी वाचेन की नाही सांगता येत नाही.

प्रतिभा

सातपूर
१६ मार्च २०२५

मनीषा,

आधी लिहिलेलं पत्र तुला पोचलं असेल किंवा वाटेत असेल. हे त्याच्या मागोमाग येतंय. ते फाड असं मी म्हणत नाही. त्या दिवशी मला तसंच वाटत होतं.

आज ज्ञानेश आईला घेऊन आला. मी दार अर्धंच उघडलं. नवसाबाईंनी ते हातानं ढकललं, आत येऊन बसल्या, फुलांची पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, माझं पोरगं लबाड नाय. लय भोळं हाय. त्याला लपवता येत असतं तर पाव मागताना सापडलं असतं का?"

मी त्याला सरळच विचारलं, "फिनिशिंग प्लीज हे तू कुठं शिकलास?"

"तिकडंच काकू, इंग्लंडात. ताटात राहिलं की म्हणतात तसं."

"कोण म्हणतं?"

"सगळेच." मग तो थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली, खरोखर आठवत असल्यासारखी. "म्हणजे, मनीषामावशी म्हणायच्या. मला वाटलं तिकडं सगळेच म्हणतात."

मनीषा, त्याला माहीतच नव्हतं. डक लपवायचं, डर्बी लपवायचं, हे त्याला कळत होतं. पण जे वाक्य त्याला पकडून देणार होतं ते तो शुद्ध ब्रिटिश समजून बिनधास्त वापरत होता. साईनं तर कहर सांगितला. वायनरीत पाहुण्यांच्या ग्लासात शेवटचा घोट राहिला की तो हेच म्हणतो, आणि आता तिथले बाकीचे पण म्हणायला लागलेत. मुंबईचे पाहुणे समजतात की वाइन पिण्याची ही काहीतरी विलायती रीत आहे. आपल्या बाबांचा लेथ तिकडं तुझ्या स्वयंपाकघरातून दिंडोरीला पोचला. लबाड माणसाच्या हे कधीच लक्षात आलं असतं. मी हसले. साई म्हणते मी हसता हसता रडले, पण ती तिखटमीठ लावून सांगते.

मग सगळं बाहेर आलं. मँचेस्टरला तो पहिले दोन महिने खरंच होता. नंतर शिकायला डर्बीला आला आणि तुझ्या वरच्या खोलीत राहिला. निघताना तू त्याला एवढंच सांगितलंस की दिंडोरीला माझी भाची काम करते, कशी दिसते, कशी बोलते ते कळव. बाकी त्यांचं ते दोघांनी केलं. आणि तू त्याला बजावलंस की माझं नाव काढू नकोस, नाव निघालं तर ताई दार लावेल. दार मी लावलं असतं, हे खरं आहे. तू मला इतकी ओळखतेस याचाच मला जास्त राग आला.

साई दिंडोरीत काम करते हे तुला कुणी सांगितलं, हा माझा पुढचा प्रश्न होता. त्यावर आमचे हे उठून पाणी प्यायला गेले. तेव्हा मला कळलं. घरका भेदी. नऊ वर्षं दर दिवाळीला माझ्या घरची खबर डर्बीला जात होती आणि मी पिंपळगावच्या स्थळावर पहारा देत होते.

मी ज्ञानेशला विचारलं, परत जायचंय का? नाही म्हणाला. आईचे गुडघे गेलेत, गुलाब कुणी बघायचे. साईची नोकरी इथं. मग विचारलं, मनीषानं तुम्हाला बोलावलंय का? बोलावलं नाही म्हणाला, उलट मावशी म्हणायच्या की गेलास तर तिथंच रुज. तुझं हे बोलणं ऐकून माझं दोन मार्चचं पत्र मला आठवलं आणि मी नवसाबाईंची फुलं पाण्यात ठेवायला उठले.

तरी मी म्हटलं, पण तीन तीन जिभा? त्यावर साई बोलली. "आई, तू गॅसवाल्याशी कुठली इंग्रजी बोलतेस आणि कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंशी कुठली? मी लहानपणापासून ऐकतेय. मग तू कुणाला फसवतेस?"

डॉक्टरीणबाईंशी मी खरंच वेगळी बोलते, गळा जरा आवळून. क्लासात वेगळी. बँकेत काम अडलं तर आणखी वेगळी. ते मला कधी खोटं वाटलं नाही. माणूस ज्याच्यासमोर उभा असतो त्याच्याजवळ सरकायला बघतो, एवढंच ते असतं. पण तू तुझ्या लोकांच्या जवळ सरकलीस तेव्हा मला वाटलं की तू आमच्यापासून लांब गेलीस, आणि जाताना बाबांनाही टाकून गेलीस.

बाबांची इंग्रजी मी या घरातून बाहेर काढली. तू ती तिकडं एका परक्या पोराच्या ताटात वाढत राहिलीस. हे मला आज कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

होकार अजून दिलेला नाही. एक रात्र झोपून उठते, मग बघते. इतक्या दिवसांचा संशय असा एका दुपारी जात नाही.

प्रतिभा

सातपूर
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

चि. मनीषा,

अनेक आशीर्वाद. यावेळी आधीच लिहून टाकले.

काल तुझा फोन आला, तो उचलला मी आणि ठेवलाही मी. कारण सांगते. उचलला तेव्हा तू तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात कुणा पेशंटशी बोलत होतीस, मी येतेच हं डक, अशा अर्थाचं काहीतरी, त्या तुमच्या डर्बीच्या हेलात. मला वाटलं चुकीचा नंबर. आणि तोच श्वास सुटायच्या आत तू म्हणालीस, "ताई? जेवलीस का गं?" तेही अगदी आपल्या चाळीतल्या आवाजात, शेवटचा 'गं' तसाच ओढत. मला कुठं जोड दिसला नाही. दोन्ही तूच होतीस. मी फोन ठेवला तो रागानं नाही. रडताना मला कुठलीच भाषा नीट बोलता येत नाही.

होकार दिला. नवसाबाईंनी पहिली गुलाबाची परडी आमच्या गुढीला पाठवली. साईनं मला मिठी मारली आणि लगेच गच्चीवर गेली, फोन करायला. आता मी जिन्यात उभी राहत नाही. निदान आज तरी राहिले नाही.

आणखी एक. आज जेवताना यांनी नेहमीसारखा भात टाकला. मी म्हटलं, फिनिशिंग प्लीज. हे माझ्याकडे बघत राहिले, मग बसले आणि ताट स्वच्छ केलं. लग्नात तू पंगतीला माझ्या शेजारी बसायचंस. ताटात एक शीत टाकलंस तरी मी सगळ्यांसमोर म्हणेन, आणि तुझ्या डर्बीचं मी काही ऐकून घेणार नाही.

तुझी
ताई

ता.क. पहिल्या पत्रात मी तुला लग्न मेअखेर आहे असं कळवलं होतं. ज्ञानेश म्हणाला की तुझी रजा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच आहे. तेव्हा लग्न अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तीस एप्रिलला प्रीपोन केलंय. असा शब्दच इंग्रजीत नाही असं तुझं मत अजूनही असेल, तर मेअखेर ये आणि रिकामा मांडव बघ.